खोळीवरचा हंस

मशिनीची भक्ती करणारा माणूस मले कधी समजलाच नाही. देवाची करा, मायबापाची करा. शेगावले पायी जाणारे हायेत आमच्या इकडे, त्याईच्या पायाले मी हात लावतो. पण लोखंडाची भक्ती? पंधरा किलो लोखंड, एक रबराचा रूळ अन् रिबनीची दोन चाकं, एवढ्यापायी शिकलेली माणसं एकमेकाचा चहा सोडतात, हे म्या बुलढाण्यात ह्या डोळ्यानं पाह्यलं हाय.

मी निवृत्ती. टाइपाच्या मशिनी दुरुस्त करतो. ही गोष्ट सन सहासष्टची. सरकारी कागद मराठीतून निघायले लागले होते, हरेक कचेरीत मराठी मशीन येऊन राह्यली होती, अन् मराठी टाइप येणाऱ्याले नोकरी लागते ही खबर साऱ्या जिल्ह्यात पोचली होती. मेहकर, चिखली, मलकापूरचे पोट्टे बुलढाण्यात खोल्या करून राहायचे. क्लास दोनच. बसस्टँडाजवळ वामनराव मास्तरचा, अन् कोर्टामागं शेषरावचा. वामनरावकडे सात मशिनी, साऱ्या हंस कंपनीच्या. शेषरावकडे आठ, साऱ्या गरुड.

फरक काय म्हणसान तं अक्षरं तीच, जागा वेगळ्या. हंसात ज्या बोटाखाली क येते, गरुडात त्या बोटाखाली र येते. बाकी मले इचारा. दोन्हीच्या पोटात हात घालणारा मी एकटाच होतो. आत सारखीच स्प्रिंग, सारखाच पट्टा, अन् सारखाच मळ.

पण बाहेर पाहावं तं हंसवाले म्हणत, गरुडची अक्षरं दोन वर्षांत झिजतात. गरुडवाले म्हणत, हंसावर टाइप करणं म्हणजे जातं फिरवणं. इंद्रभानच्या हॉटेलात दोन बाकडे होते. एका बाकड्यावर हंसवाले बसत, दुसऱ्यावर गरुडवाले, अन् मधात इंद्रभान कपबश्या घेऊन हिंडे. मी आलो की दोन्हीकडून एकच हाक, मिस्त्री, तुम्हीच सांगा. मी सांगत जाओ, बाप्पा, दोन्ही बिघडतात म्हणून माहं घर चालते. मंग दोन्ही बाकडे माह्यावर रागवत. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

खरं कारण मले ठाऊक होतं. पहिल्या मशिनीवर माणसाची बोटं सुजतात. सहा महिने करंगळी दुखते. एवढं सोसल्यावर दुसरी मशीन चांगली हाय म्हणायची कोणाची हिंमत? मंग आपण सोसलं तेच बरोबर, असं म्हणत राहायचं.

या साऱ्याईचा म्होरक्या म्हणजे वामनराव मास्तर. उंच, सडसडीत, कानावर पेन्सिल, अन् बोलणं कोर्टातल्या वकिलासारखं तोलून. क्लासच्या भिंतीवर त्याईनं पाटी लावली होती की, दुसऱ्या मशिनीस हात लावणाऱ्याचे नाव कमी केले जाईल. बोटं बाटतात, म्हणत. एका पोट्ट्यानं कोर्टासमोर सहज गरुडवर आपलं नाव टाइप करून पाह्यलं, तं मास्तरनं त्याले खरंच काढलं. त्याचा बाप येऊन हात जोडून गेला, तरी मास्तर हलले नाही.

आता ऐका गंमत. तीन वर्षांआधी याच वामनरावनं मले घरी बोलावलं. सरस्वतीबाईनं, म्हणजे त्याईच्या मालकिणीनं, चहा दिला अन् समोरचं दार लोटून घेतलं. स्वयंपाकघरात दाण्याच्या डब्याशेजारी एक मशीन ठेवलेली. वरतं निळ्या कापडाची खोळ, खोळीवर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेला हंस. सरस्वतीबाईच्या हातचं काम, चोच पिवळी, डोळा काळा. मास्तरनं खोळ उचलली. आत गरुड.

मास्तर म्हणाले, शत्रूचं घर आतून पाह्यलेलं बरं असते, निवृत्ती. अन् मले गजानन महाराजाची शपथ घातली की हे कोणाले सांगायचं नाही.

मंग दरसाल जात जाओ मी तेल द्यायले. मशीन काही खोटं बोलत नाही. तिची अक्षरं बोटानं घासून पुसट झाली होती, रूळ मधात खड्ड्यावानी झिजला होता. शत्रूचं घर पाहणारा एक डाव पाहतो. हा माणूस तं तिथं राहायलेच गेला होता. एक दिवस तेल देऊन झाल्यावर त्याईनं चार ओळी टाइप केल्या, बोटं तशीच मशिनीवर ठेवली, अन् हळूच म्हणाले की टच हलका हाय हिचा, हंसापेक्षा हलका. त्याच दिवशी संध्याकाळी इंद्रभानच्या हॉटेलात हेच मास्तर अर्धा तास गरुडले शिव्या देत बसले. मी समोरच होतो. मी चहा अर्धाच सोडून उठलो. हत्तीचे दात, दाखवायचे वेगळे अन् खायचे वेगळे. त्या दिवसापासून हा माणूस माह्या मनातून उतरला.

मंग विमलचं प्रकरण आलं.

विमल तानुबाईची पोरगी. तानुबाई बाजारात भाजी विके, मेथी, वांगे, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. बाप नव्हता. पोरगी मॅट्रिक झालेली, अन् दोन वर्षांपासून पहाटेच मायसंग मळ्यातून भाजी आणून, हात धुऊन, सात वाजता वामनरावच्या क्लासात हजर. नख्यात माती राह्यली तं मास्तर तिले परत धुवायले लावत. पण शिकवत जीव तोडून. मिनिटाले पंचेचाळीस शब्द मारायची ते पोरगी. दाराबाहेर उभं राहून आवाज ऐकला तं वाटे, लाह्या फुटून राह्यल्या.

त्या साली एका मोठ्या कचेरीत कारकून-टायपिस्टची एक जागा निघाली. बुलढाण्यातच, मायजवळ. विमलनं फॉर्म भरला. तिले पुढच्या महिन्यात पंचविसावं संपत होतं, म्हणजे वयाच्या अटीत हीच परीक्षा शेवटची. हुकली तं मंग जन्मभर भाजीची पाटी, अन् तानुबाईच्या गुडघ्यानं तेवढीही साथ सोडली होती. बाकी पोट्ट्याईले पुढच्या साली बसता येत होतं. हिले नाही.

अन् परीक्षेच्या तेवीस दिवस आधी कचेरीच्या बोर्डावर कागद लागला. आजवर परीक्षेले जो तो आपली मशीन आपण नेत असे. हातगाड्यावर, सायकलीवर, कोणी डोक्यावर. औंदा तसं नाही. कचेरीनं नव्या मशिनी घेतल्या होत्या, परीक्षा त्याच मशिनीवर होणार, अन् त्या मशिनी साऱ्या गरुड होत्या.

शेषरावच्या क्लासात पेढे वाटले. इंद्रभानच्या हॉटेलात हंसवाल्याईचं बाकडं चार दिवस रिकामं होतं.

तानुबाई पोरीले घेऊन शेषरावकडे गेली. हात जोडले. शेषराव काही वाईट माणूस नव्हता, पण त्यालेही मशीन चढली होती. तो म्हणाला, बसवतो पोरीले, आनंदानं बसवतो, पण तुमच्या मास्तरले आधी इथं आणा. माह्या पोट्ट्याईसमोर त्यानं एकदा म्हणावं, गरुड चांगली. विमल मायचा हात धरून परत फिरली. मास्तरलेही तिनं काही सांगतलं नाही. माय मात्र माह्याकडे आली अन् पायरीवर बसून रडली. भाऊ, तुमच्या इथं एवढ्या मशिनी येतात, एखादी गरुड वीस दिवस पोरीले द्या ना, म्हणे.

माह्याकडे येणारी मशीन लोकाईची. दोन दिवसांत परत द्या लागते. पण एक गरुड कुठं झाकून ठेवली हाय हे मले ठाऊक होतं, अन् तोंडात शपथ होती.

शपथ कोणाले न सांगायची होती. खुद्द मास्तरशी बोलायची मनाई नव्हती. मी त्याच पावली त्याईच्या घरी गेलो. मास्तर झोपाळ्यावर बसून होते, दोन दिवसांची दाढी वाढलेली. मी बसलोही नाही. सरळ बोललो.

"मास्तर, पोरीची उमर निघून जाऊन राह्यली, अन् तुमच्या घरी गरुड खोळ पांघरून झोपली हाय."

त्याईनं पायानं झोपाळा थांबवला. मंग म्हणाले, वीस दिवसांत बोटं फिरत नाहीत, उलट दोन्ही मशिनीवरून जातात. मी म्हणालो, ते पोरगी पाहून घेईन. तुम्ही मशीन देता का नाही, ते सांगा.

"दहा वर्षं या गावात एकच गोष्ट सांगत आलो, निवृत्ती. एका पोराला तर काढूनही टाकलं. आता लोक काय म्हणतील?"

खरं सांगतो, मले त्या घडीले वाटलं, याच्या झोपाळ्याची कडी निखळावी. पण स्वयंपाकघरातून सरस्वतीबाई बाहेर आल्या, पदराले हात पुसत.

"सांगत तुम्ही आले," त्या म्हणाल्या. "फॉर्म तिनं भरला."

एवढंच बोलल्या अन् आत गेल्या. मी चप्पल घातली अन् निघून आलो.

दुसरा दिवस बाजाराचा. सकाळी नऊचा सुमार, रस्ता भरलेला. मी दुकान उघडून राह्यलो होतो, तं समोरून वामनराव मास्तर येताना दिसले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, अन् दोन्ही हातानं छातीशी धरलेली गरुड. उघडी. निळी खोळ खांद्यावर टाकलेली. मशिनीच्या कपाळावरची सोनेरी अक्षरं उन्हात चमकून राह्यली होती, दोन्ही फुटपाथवरून वाचता येत होती. मी धावलो, म्हटलं द्या मास्तर, मी घेतो. त्याईनं मान हलवली. पन्नाशीचा माणूस, पंधरा किलो वजन, अन् चढावाचा रस्ता. कोर्टाकडून जवळची वाट होती, तरी ते इंद्रभानच्या हॉटेलासमोरून गेले. दोन्ही बाकडे उभे झाले. कोणी तरी हसलं. कोणी म्हणालं, मास्तर बाटले. मास्तर थांबले, खांद्यावरच्या खोळीनं कपाळाचा घाम पुसला, अन् पुढं गेले.

क्लासात मशीन ठेवून त्याईनं पहिले काय केलं असन, तं भिंतीवरची पाटी काढली. मंग ज्या पोट्ट्याले काढलं होतं, त्याच्या बापाले चिठ्ठी पाठवली की पोराले परत पाठवा, चूक माझी होती. मंग विमलले बोलावलं.

आता इथं मले माही अक्कल किती ते समजलं. मी समजत होतो, मशीन भेटली म्हणजे काम झालं. पहिल्या दिवशी विमल गरुडवर बसली अन् मिनिटाले आठ शब्द निघाले. तेही वाचता येईना. हंसाचा हात गरुडवर चाले, डोकं सांगे एक अन् बोट जाये भलतीकडे. पोरगी रडकुंडीले आली. शेषरावकडे गेली असती तरी हेच झालं असतं, कारण त्याच्या क्लासात कोणाले हंसाची जागाच माहीत नव्हती. हात चुकते कुठं, अन् काऊन चुकते, हे त्याईले कसं समजन?

मास्तरनं पेटीतून एक वही काढली. तीन वर्षांची वही. त्यात तारीखवार लिहून ठेवलेलं, आज क साठी र पडला, सहा वेळा. आज डाव्या करंगळीनं दगा दिला. हे अक्षर सात दिवसांत वळलं, हे एकवीस दिवस वळलं नाही. हंसाचा हात गरुडवर कुठं कुठं अडखळते, त्याचा सारा नकाशा. स्वतःच्या बोटाचे हाल करून काढलेला. शत्रूचं घर पाहायले गेलेला माणूस, अन् तिथली हरेक ठेच लिहून आणलेली. साऱ्या बुलढाण्यात ते एका माणसाले माहीत होतं, अन् तो गरुडले सगळ्यात जास्त शिव्या देणारा माणूस होता. मी ती वही हातात घेतली तं मले माह्याच विचाराची लाज वाटली. ढोंगी म्हणत होतो मी याले.

वीस दिवस मास्तरनं तिले हंसाले बोट लावू दिलं नाही. सकाळी सात ते दहा, दुपारी दोन ते सहा. तानुबाईची पाटी त्या दिवसांत सरस्वतीबाई बाजारापर्यंत पोचवून देत. मास्तर ओळ देत, तं साधी देत नसत. जिथं हात चुकते, तीच अक्षरं घोळून घोळून. अन् एक सवय त्याईनं लावली. चुकलं की खोडायचं नाही, घाबरायचं नाही. दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे, दहा आकडे मोजायचे, मंग हात ठेवायचे. ती म्हणे, सर, परीक्षा दहा मिनिटांची हाय, दहा आकडे कसे परवडतीन? मास्तर म्हणत, भलत्या हातानं एक मिनिट गेलं ते कसं परवडेल?

इकडे क्लास रिकामा होऊन राह्यला होता. चाळीस पोट्ट्यातले चौदा सोडून गेले. हंसवाले म्हणत, मास्तर फितूर झाले. गरुडवाले म्हणत, पाह्यलं ना, शेवटी आले आमच्यावर. मास्तरचं हॉटेलात येणंच बंद झालं. वजन नेऊन पाठीत उसण भरली होती, ते वाकून वाकून शिकवत. विसाव्या दिवशी विमल एकतीसवर होती. पाहिजे होते तीस.

परीक्षेले मशिनीवर लक्ष ठेवायले कचेरीनं मलेच बोलावलं होतं. लांब खोली, वीस मशिनी, वीस जण. विमल खिडकीजवळ. बाहेर लिंबाखाली तानुबाई रिकामी पाटी घेऊन बसली होती, अन् मास्तर हात मागं करून खिडकीच्या गजाले धरून, पाठ आमच्याकडे करून उभे. आत पाहू नये असा नियम होता. ऐकू नये असा नव्हता.

घंटी झाली. वीस मशिनी एकदम सुटल्या. मी विमलच्या मागं उभा होतो. पहिल्या दोन ओळी बरोबर आल्या. तिसऱ्या ओळीत जीव घाबरला असन, बोटं सुटली ती हंसावर गेली. कागदावर शब्द नव्हते, नुसती अक्षरं होती. मी काही बोलू शकत नव्हतो. बाहेर मास्तरची पाठ ताठ झाली. कागद न पाहता, वीस मशिनीतून त्याईनं तिच्या बोटाचा मोडलेला ताल ऐकला होता.

विमलनं हात उचलले. मांडीवर ठेवले.

बाजूचा पोट्टा धडाधड मारून राह्यला होता. विमल बसून होती, डोळे मिटून. मले तं वाटलं, संपलं. बाहेर पाह्यलं तं मास्तर गजावर एक एक बोट टेकवून मोजत होते. दहावं बोट टेकलं अन् विमलची मशीन सुरू झाली. मंग ती थांबली नाही. अन् मी दोन्हीकडे पाहून राह्यलो होतो, आत तिची बोटं मशिनीवर, बाहेर मास्तरची बोटं गजावर. दोन्ही संगंसंगंच चालत होती. गरुडच्या जागेवर.

चार वाजता बोर्डावर निकाल लागला. विमल, तेहतीस शब्द, चुका माफीच्या आत, पहिली. धडाधड मारणारे चुकाईत बाद झाले होते. तानुबाईले वाचता येत नव्हतं. तिनं मास्तरच्या तोंडाकडे पाह्यलं अन् समजली. पाटी तिथंच टाकून तिनं पोरीले पोटाशी धरलं. मी माणूस रडका नाही, पण मीही त्या दिवशी रडलो, सांगायले काय लाज.

गर्दी होतीच. शेषराव पुढं आला. त्याचे पोट्टे मागं. तो हसून, पण साऱ्याईले ऐकू जाईन असं बोलला की मंग मास्तर, आता तरी मान्य करा, मशीन कोणती चांगली? मले वाटलं, मास्तर मान खाली घालून निघून जातीन. नाही तं पुन्हा तीच वकिली सुरू करतीन.

मास्तरनं कानावरची पेन्सिल काढली, खिशात ठेवली.

"गरुडचा टच हलका आहे, शेषराव. मी तीन वर्षांपासून जाणतो. उद्या तुमच्या क्लासात येऊन पोरांसमोर म्हणतो." अन् विमलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पण ही पोरगी माझ्या क्लासची आहे."

शेषराव उगीच घड्याळ पाहत राह्यला. दुसऱ्या दिवशी मास्तर खरंच त्याच्या क्लासात गेले, म्हणून आले, अन् येताना इंद्रभानच्या हॉटेलात थांबले. बसले ते गरुडवाल्याईच्या बाकड्यावर. कोणी उठलं नाही.

मशिनीची भक्ती मले आजही समजत नाही. त्यापायी भांडणारा दिसला तं मी आजही तोंड सोडतो. पण वामनराव मास्तरले मी ढोंगी म्हणत होतो, ते माह्या तोंडानं परत घेतो.

विमल नोकरीवर रुजू झाली त्या दिवशी सरस्वतीबाईनं ते निळी खोळ धुऊन, इस्तरी करून तिले दिली. त्या कचेरीचं तेलपाण्याचं काम माह्याकडेच हाय. टेबलावर सरकारी गरुड, अन् वरतं पांढरा हंस. नवा साहेब आला की हमखास इचारते, बाई, हे काय उलटंच? विमल म्हणते, खोळ आमच्या सरांकडची हाय, अन् कामाले लागते. मी महिन्यातून एकदा जातो. खोळ काढतो, मशीन पुसतो, तेल देतो, अन् खोळ परत घालतो, हंस समोर येईन अशी.